उंबरठा नसलेली गाडी

पुस्तकं फार जड असतात. डेमी आकाराचं, दोनशे पानांचं, सत्तर जीएसएमच्या कागदावर छापलेलं साधं पुस्तक घेतलं तर त्यात शंभर कागद असतात आणि एकेका कागदाचं वजन दोन ग्रॅमच्या किंचित वर भरतं. कव्हर धरून पुस्तक सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे जातं. अशा साठ पुस्तकांचं खोकं चौदा-पंधरा किलोचं होतं. मुलांची रंगीत पुस्तकं आर्ट पेपरवर असतात. ती चिमुकली दिसतात, पण त्यांचं खोकं उचलताना दम लागतो. शाळेत बऱ्यापैकी प्रदर्शन लावायचं तर हजार-बाराशे पुस्तकं न्यावी लागतात. म्हणजे वीस खोकी, तीनशे किलो. हे तीनशे किलो दिवसातून चार वेळा हलतात: घरातून गाडीत, गाडीतून वर्गात, संध्याकाळी वर्गातून गाडीत आणि रात्री गाडीतून घरात. एका माणसाच्या हातांतून दिवसाला बाराशे किलो.

मी कराडला राहतो आणि शाळाशाळांतून ग्रंथप्रदर्शनं भरवतो. पाटण, ढेबेवाडी, कोयनानगर, घाट उतरून चिपळूणच्या अलीकडची गावं आणि दक्षिणेला शिराळ्याचा भाग, एवढं माझं क्षेत्र. आधी मुख्याध्यापकांना भेटायचं, तारीख ठरवायची, आदल्या दिवशी मुलांना वर्गात निरोप जायला हवा. सकाळी शाळा भरायच्या आत पोचून बाकं जोडून त्यांवर चादरी टाकायच्या आणि पुस्तकं मांडायची. मधल्या सुट्टीत मुलं येतात. मुठीत दहाची, विसाची चुरगळलेली नोट असते आणि त्या नोटेत बसणारं पुस्तक शोधायला मूल जो वेळ घेतं, तो वेळ मला फार मोलाचा वाटतो. म्हणून मी कमी पुस्तकं नेत नाही. निवडायला भरपूर नसेल तर त्या नोटेचा अपमान होतो, असं माझं मत आहे.

ही सगळी वर्षं हे काम आमची घरची हॅचबॅक करत होती. त्याच गाडीतून आईला दवाखान्यात न्यायचं, मुलीला क्लासला सोडायचं, लग्नकार्याला जायचं. मोठं प्रदर्शन असलं की भाड्याचा टेम्पो सांगायचा. पण लग्नसराईत टेम्पो मिळायचा नाही आणि दुर्गम वाडीतल्या साठ-सत्तर पटाच्या शाळेत तर भाडंच विक्रीतून सुटायचं नाही. मग तिथलं प्रदर्शन हॅचबॅकमध्ये बसेल तेवढंच व्हायचं. मागची सीट पाडून, डिकी भरून, पुढच्या सीटवरही खोकं ठेवून.

हॅचबॅकच्या डिकीला उंबरठा असतो. मागचं दार उघडलं की बंपरच्या वर पत्र्याची एक उभी कड असते आणि डिकीचा तळ तिच्या आत, वीतभर खाली. गाडीच्या सांगाड्याला बळकटी देण्यासाठी ती कड असते. प्रवाशाच्या दोन बॅगांसाठी तिचा काही त्रास नाही. पंधरा किलोचं खोकं मात्र आधी कडेच्या वर उचलावं लागतं, मग हात लांब करून आत खाली सोडावं लागतं. काढताना याच्या उलट. वजन छातीशी असतं तेव्हा कंबर ते सहज पेलते. तेच वजन हात लांब करून, वाकून धरलं की तरफेच्या नियमाने कण्याच्या खालच्या मणक्यांवर त्याचा कितीतरी पट ताण येतो. अस्थिरोगतज्ज्ञांनी मला हे कागदावर आकृती काढून दाखवलं. गोळ्या त्यांनी थोड्याच दिल्या. जास्त वेळ त्यांनी मी खोकी कशी उचलतो हे विचारण्यात घालवला. "वजन उचलणं बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचं पोट त्यावर आहे. पण अंगापासून लांब धरून उचलू नका," ते म्हणाले. डिकीला उंबरठा असेपर्यंत हे अशक्य होतं.

गाडीचंही असंच होत होतं. आमचे मेस्त्री बोलायला सरळ माणूस. मागचे शॉकअप बदलताना ते म्हणाले, "दादा, ही गाडी माणसं न्यायला केलीया. माणूस जागेवर बसतंय, वजन चारी चाकांवर वाटलं जातंय. तुमी सगळं वजन मागच्या चाकांच्याबी मागं टाकताय." त्याचा अर्थ मला घाटात समजला. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचं मागचं टोक दबलं की पुढचं हलकं होतं. पावसाळ्यात शाळेच्या आवारातल्या शेवाळलेल्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायची. रात्री परतताना हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जायचा आणि कुंभार्ली घाटात समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मिचकावून सांगायचा.

तेव्हा नवी गाडी घ्यायची हे ठरलं. कुठली, हे ठरवायला बराच काळ लागला. शोरूममधला मुलगा इंजिनाबद्दल, टचस्क्रीनबद्दल बोलायचा आणि मी खिशातून सुताराची टेप काढून मागचं दार उघडायला सांगायचो. जमिनीपासून तळापर्यंत किती उंची, कड आहे की नाही, दाराची मोकळी रुंदी किती, आतला तळ सपाट की चढाचा. लोकांना हे विचित्र वाटत असेल, पण माझ्या मते ओझं वाहणाऱ्या माणसाने गाडीत सर्वांत आधी हेच पाहावं. इंजिन कमी पडलं तर गाडी गिअर खाली टाकून चढते. तळ चुकीचा असेल तर ते रोज कंबरेवर येतं.

पहिला विचार अर्थातच ओम्नीचा आला. माझ्या पिढीला ती गाडी पाठ आहे. १९८४ साली ती मारुती व्हॅन या नावाने आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, बाजूला सरकती दारं, मागे सपाट तळ. शाळेची व्हॅन तीच, रुग्णवाहिका तीच, केटररची भांडी नेणारीही तीच. पण २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जुन्या बाजारात मिळाल्या त्या गंजलेल्या होत्या आणि पावसात पुस्तकं नेणाऱ्याने गंजलेल्या तळाची गाडी घेऊ नये.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मला मनापासून आवडतो. २००५ साली तो रस्त्यावर आला आणि लहान मालवाहतुकीचं चित्र पालटलं. तीनचाकीवर कसरत करणाऱ्या कितीतरी माणसांना त्याने चार चाकांवर आणलं. पण त्याचं हौद्याचं अंग उघडं. पाटणच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर ताडपत्री कितीही आवळली तरी सुतळीच्या गाठीपाशी पाणी शिरतंच. पुस्तक एकदा भिजलं की ते विकता येत नाही आणि प्रकाशक परतही घेत नाही. शिवाय पाऊण टनाची क्षमता मला नको होती. त्याचा विजेवर चालणारा प्रकार २०२२ मध्ये जाहीर झाला, एका चार्जिंगवर १५४ किलोमीटरचा दावा होता. सपाटीवरच्या शहरी फेऱ्यांसाठी तो उत्तम असेल. मी सकाळी घाटातून जातो, दिवसभर जिथे असतो तिथे दुपारी दोन-दोन तास वीज नसते, आणि संध्याकाळी परततो. तो पर्याय मी नाइलाजाने सोडला.

सात सीटांच्या लहान गाड्याही पाहिल्या. ट्रायबरची तिसरी रांग तर पूर्ण काढून ठेवता येते आणि मग मागे ६२५ लिटर जागा होते. घरच्यांना ती फार आवडली. मलाही आवडली असती, पण दुसरी रांग पाडली की तळाला पायरी पडते आणि खोकी सरकवता येत नाहीत. खोकं सरकवता येणं आणि उचलावं लागणं, यातच माझ्या कामाचं गणित होतं.

असं करत करत मी मारुती इकोपाशी आलो. २०१० पासून बाजारात असलेली, ओम्नीच्याच घराण्यातली ही गाडी. लांबी ३६७५ मिलिमीटर, म्हणजे आमच्या हॅचबॅकएवढीच. रुंदी फक्त १४७५. ही अरुंदता जपानातून आली आहे. तिथे लहान गाड्यांच्या करसवलतीच्या वर्गासाठी रुंदीची मर्यादा १.४८ मीटर आहे आणि सुझुकीच्या ज्या छोट्या व्हॅनवरून हिची वंशावळ येते, त्या त्या मापात बेतलेल्या. त्यामुळे ढेबेवाडीच्या बाजारपेठेत समोरून ट्रॅक्टर आला तरी ही कडेने निघते. इंजिन १२०० सीसीचं, ताकद मागच्या चाकांना. म्हणजे मागे जितकं वजन, तितकी चाकांची पकड पक्की. शेवाळलेल्या चढाचं उत्तर या रचनेतच होतं. आणि तळाला उंबरठा नव्हता. गुडघ्याच्या जरा वर सपाट पत्रा. शोरूममध्ये मी सोबत नेलेलं पुस्तकांचं खोकं तळाच्या काठावर टेकवलं आणि तळहाताने ढकललं. ते आत गेलं. मी तिथेच बायकोला फोन केला.

खरा प्रश्न त्यापुढे होता. इको मुख्यतः दोन रूपांत मिळते: माणसांसाठी आणि मालासाठी. माणसांची घेतली तर पांढरी पाटी, मागची सीट पाडून पुस्तकं, सुट्टीत सगळं कुटुंब. घरचे सगळे याच बाजूचे होते. मीही होतो, जोवर मी खाजगी मोटारीच्या विम्याची पॉलिसी वाचली नव्हती. तिच्यात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. मालकाच्या स्वतःच्या व्यवसायासाठी गाडी वापरायला हरकत नसते, पण नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर माल वाहणं हे विम्याच्या बाहेर ठेवलेलं असतं. विक्रीची बाराशे पुस्तकं नमुना ठरत नाहीत. सीट कायमची काढून टाकावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत लिहिलेली रचना आपल्या मनाने बदलता येत नाही.

म्हणजे मालाची गाडी. दोन सीट, बाजूला काचांऐवजी पत्रा आणि पिवळी पाटी. तिचा हिशेब वेगळा होता. त्या वेळच्या सरकारी दरांनुसार एवढ्याच इंजिनाच्या खाजगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा ३,४१६ रुपये होता. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये. पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने परमिट लागत नाही, हा दिलासा. परवान्याची शंका मेस्त्रींनी काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं असा निर्णय दिला होता. आम्ही गाडी घेतली तेव्हा तो मुद्दा घटनापीठापुढे होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तोच कायम केला. हा निकाल आला त्या दिवशी मी पेढे वाटले नाहीत, पण वाटावेसे वाटले. आपल्याकडे लाखो माणसं याच परवान्यावर पोट भरतात.

रुपयांपेक्षा अवघड होतं ते घरातलं. आम्ही चौघं. दोन सीटांची गाडी घेणं म्हणजे घरची गाडी संपणं. बायकोने दोन प्रश्न विचारले. पहिला सुरक्षिततेचा. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला शून्य तारे मिळाले होते, हे तिने वाचलं होतं. समोर बॉनेट अगदी आखूड, पाय जवळजवळ पुढच्या टोकाशी. या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. आम्ही नियम ठरवले: हायवेला साठच्या वर जायचं नाही, अंधार पडल्यावर घाटात गाडी घालायची नाही, उशीर झाला तर त्याच गावात मुक्काम. हे नियम आजही तसेच आहेत.

दुसरा प्रश्न आईचा होता, तो बायकोने तिच्या वतीने विचारला. "आत्यांना जोतिबाला जायचं झालं तर?" आईने आतून उत्तर दिलं, "एसटी हाय की. तुमची गाडी नव्हती तवा काय देव भेटला नव्हता?" मुलगी नाराज होती आणि तिचं बरोबर होतं. मैत्रिणींसमोर पिवळ्या पाटीच्या गाडीतून उतरणं तिला नको होतं. दहावीतल्या मुलीला हे वाटणारच. मी तिला समजावत बसलो नाही. हॅचबॅक विकली त्या संध्याकाळी ती गाडीच्या काचेवरचं स्वतः लावलेलं स्टिकर खरवडून काढून घेऊन गेली.

सीएनजी घ्यावी असा सगळ्यांचा सल्ला होता. पेट्रोलवर या इंजिनाला साधारण ८१ पीएस ताकद मिळते, सीएनजीवर ७२ च्या आसपास. भरलेल्या गाडीने घाट चढणाऱ्याला ते नऊ-दहा पीएस जाणवतात आणि माझ्या वाटेवर गॅसचे पंप नव्हते. पेट्रोल घेतली. आमच्या सोसायटीत व्यापारी वाहन लावायचं नाही असा ठराव आहे, म्हणून गिरणीशेजारची मोकळी जागा महिन्याच्या भाड्याने घेतली. हा खर्च मी आधी धरला नव्हता. गाडी घेणाऱ्याने तो धरावा.

गाडीत काय करावं आणि काय करू नये, हे ठरवायला एक पावसाळा गेला. सुताराकडून लाकडी क्रेट करून घेतले, पत्र्याला एकही भोक न पाडता, आतल्या हुकांना पट्ट्यांनी आवळून बसतील असे. पासिंगला जाताना ते सगळे काढून ठेवता येतात. जड पुस्तकं, म्हणजे शब्दकोश आणि चरित्रं, सीटच्या मागच्या जाळीला टेकून तळाशी. मुलांची पातळ पुस्तकं मागे, कारण शाळेत तीच आधी काढावी लागतात. अचानक ब्रेक लागला तर पंधरा किलोचं मोकळं खोकं काय करू शकतं याचा विचार करूनच एकही खोकं पट्ट्याशिवाय ठेवत नाही. बाजूला काचा नसल्याने पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ऊन पडत नाही, रंग उडत नाहीत. त्याच कारणाने रिव्हर्स घेताना फक्त आरशांवर भिस्त. ते शिकायला वेळ लागला. इंजिन सीटखाली, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी बुडाखालून ऊब येते. तिथे घोंगडीची घडी टाकतो.

पावसात या गाडीने जे दिलं ते मी मापात धरलंच नव्हतं. मागचं दार वर उचललं की तेच छपराचं काम करतं. शाळेच्या व्हरांड्याला पाठ लावून गाडी उभी केली की खोकं कोरडंच्या कोरडं वर्गात जातं. कोयनेच्या बाजूला पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही आणि पूर्वी मी जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जातच नव्हतो. त्या काळात तिथल्या मुलांना घराबाहेर खेळता येत नाही, वाचायला सर्वांत जास्त वेळ तेव्हाच असतो. आता मी नेमका तेव्हाच जातो. एका वाडीतल्या गुरुजींनी सांगितलं, त्यांच्या शाळेत पावसाळ्यात पुस्तकांची गाडी याआधी कधी आली नव्हती. ज्या छोट्या शाळांत टेम्पोचं भाडं सुटत नव्हतं, तिथेही पुरेशी पुस्तकं जातात. साठ मुलांना बाराशे पुस्तकांतून निवडता येतं.

कंबर पूर्ण बरी झालेली नाही, पण संध्याकाळी मी आता सरळ उभा राहू शकतो. त्यात क्रेटचाही वाटा आहे. पहिले क्रेट मी जुन्या खोक्यांच्या मापाने, पंधरा किलोंचे केले होते. बायकोने एका प्रदर्शनात हात लावला आणि स्पष्ट सांगितलं, "हे दहा किलोंचे करा. मग मलाही जमेल." सुताराने कापून लहान केले. खेपा वाढल्या, पण दोघांनी मिळून मांडणी होऊ लागली आणि मग ती म्हणाली की शिराळ्याकडच्या शाळा ती एकटी बघेल. गाडीचं स्टिअरिंग जड आहे, जागच्या जागी वळवताना खांद्यातून जोर लागतो. सकाळी लवकर गिरणीपासून स्टेडियमपर्यंत ती सराव करते, मी शेजारी बसतो आणि शक्यतो बोलत नाही.

घरच्यांसाठी वर्षातून काही वेळा भाड्याची गाडी करतो. पूर्वी टेम्पोला जे जायचे त्यांतलेच थोडे पैसे तिकडे जातात. जोतिबाला आई एसटीने गेली, मुलीला सोबत घेऊन.

शिराळ्याच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून धरल्या आहेत. त्यासाठी बायकोने माझी पुस्तकांची यादी हातात घेतली आणि अर्धी खोडली. चरित्रं कमी, प्रयोगांची आणि गणिताच्या कोड्यांची पुस्तकं जास्त, आणि तीस रुपयांच्या आतली किमान दोनशे. वितरकाला तशी ऑर्डर गेली आहे.